बुधवार कोणाचा?

लग्न होऊन मी सौंसरहून पांढुर्ण्याला आले तेव्हा मला स्वयंपाक येत होता, शिवण येत होतं, संत्र्यांची पेटी कशी भरायची तेही येत होतं. येत नव्हते ते वार. सोमवारनंतर मंगळवार येतो एवढं ठाऊक होतं, पण कोणत्या वारी काय चालतं आणि काय चालत नाही, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

माहेरी आमचा संत्र्यांचा बगीचा आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. आई सकाळपासून मजुरांबरोबर वावरात असायची. पोळा, दिवाळी, होळी हे सण दणक्यात व्हायचे आणि बाकीचे सगळे दिवस कामाचे. शेजारची एखादी बाई उपासाचं विचारायला आली की आई म्हणायची, "डोक्यावर कापसाचं गाठोडं अन् पोटात नुसता साबुदाणा, हे माह्यानं होत नाई बापा."

सासरी मात्र प्रत्येक वाराला मालक होता. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी सासूबाई एक वेळ जेवायच्या. मंगळवार देवीचा, म्हणून केस धुवायचे नाहीत. गुरुवार दत्ताचा, म्हणून कपड्यांना साबण लावायचा नाही. शुक्रवारी आंबट तोंडात घालायचं नाही. तेव्हा घरोघरी गूळ-फुटाण्याचे शुक्रवार नव्यानेच सुरू झाले होते आणि आमच्याही घरी त्यांची फार कडक अंमलबजावणी होती. शनिवारी नखं कापायची नाहीत, तेल विकत आणायचं नाही. रविवारी सूर्याला पाणी दिल्याशिवाय चहा नाही. त्यात चतुर्थी, एकादशी, प्रदोष येऊन पडले की एकेका दिवसाला दोन-दोन मालक व्हायचे आणि माझी फजिती व्हायची.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या भावाने सौंसरहून संत्र्यांची टोपली पाठवली. बसच्या टपावरून ती उतरवून कोणीतरी घरी आणून टाकली. माहेरची टोपली पाहून माझं भान सुटलं. दारातच बसले, एक संत्रं सोललं आणि फोड तोंडात टाकली.

"आज शुक्रवार हाय ना वो!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

फोड तशीच गालात धरून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. गिळावी तर पाप, थुंकावी तर माहेरचं संत्रं. शेवटी सासूबाईंनीच तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "मी काही पायलं नाई." मी ती फोड गिळली. पण टोपली मात्र शनिवार उजाडेपर्यंत देवघराखाली झाकून राहिली. घरभर वास सुटला होता. दुकानातून जेवायला आलेले सासरे दोनदा उगीचच देवाला नमस्कार करून आले.

आमचं घर चौघांचं. सासऱ्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. नुसतं बोटाने टिचकी मारून पितळ किती जाड आहे ते सांगायचे. आमचे हे तिगावच्या शाळेत मास्तर होते. सकाळच्या पॅसेंजरने जायचे आणि परतताना कधी पेरू, कधी बोरं रुमालात बांधून आणायचे. सासूबाई म्हणजे अंगाने लहानशा, चालणं भरभर, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा. लग्नानंतर कित्येक दिवस मी त्यांना बसून जेवताना पाहिलंच नव्हतं. सगळ्यांची जेवणं आटोपली की त्या चुलीपाशी उकिडव्या बसून, नाहीतर उभ्यानेच, उरलेल्या भाकरीवर काहीतरी घेऊन दोन घास टाकायच्या. मी थांबले तरी मला आधी जेवायला लावायच्या. "तू जेव वो, मी खातो मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका दुपारी आम्ही दोघी अंगणात मेथी निवडत बसलो होतो. मी मनातल्या मनात आठवडा पाठ करत होते, आणि एका जागी अडकले.

"आई, बुधवारी काय असते?"

"बुधवारी?" त्यांनी मेथीची काडी हातात धरून विचार केला. "बुधवारी काहीच नसते."

"काहीच नाई?"

"कोणी कोणी विठोबाचा म्हणते. आपल्या घरी तसं काही चालत आलं नाई."

"मंग तो आपण घेऊ काय?"

"घेऊ म्हणजे?"

"म्हणजे आपला. तुमचा अन् माहा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शेजाऱ्याची गाय आपल्या दावणीला बांधू का म्हणून विचारलं होतं. "देवाशिवाय वार कसा राहीन वो?"

"राहते. देवाले वाटलं तर येईन तो मागून."

"वात्रट हाय तू," असं म्हणून त्या पुन्हा मेथीला लागल्या. अर्धी जुडी निवडून झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाल्या, "अन् कराचं काय त्या दिवशी?"

तेवढा विचार मी केला नव्हता. समोर त्यांचे हात दिसत होते, हिरवे झालेले. मी एकदम म्हणाले, "जिनं रांधलं तिनं पयले जेवाचं. बसून. गरम गरम."

"अन् बाकीच्याइनं?"

"बाकीच्याइनं वाढाचं."

"माणसाइनं?"

"हाव."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. कोणी ऐकलं तर नाही ना, असं. मग मेथीचं सूप उचलून आत निघून गेल्या. मला वाटलं, आता आठवडाभर बोलणी खावी लागणार.

पण पुढच्या बुधवारी सकाळी आंघोळ करून आल्या त्या सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "नियम काय काय हाय म्हणलं होतं?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. नुसतं मजा म्हणून काही करणं त्यांना जमणारच नव्हतं. पण व्रत म्हटलं की त्या डोंगरही चढल्या असत्या. म्हणून मजेलाच नियम लावायचे असं आम्ही ठरवलं.

त्या दिवशी दुपारी दोघे पुरुष बाहेर होते. मी भरीत केलं, त्यांनी भाकरी थापायला घेतल्या. पहिली भाकर फुगून तव्यावरून उतरली तशी मी पाट मांडला, त्यांच्या हातांवरचं पीठ पुसलं आणि त्यांना बसवलं. त्या बसल्या आणि लगेच उठल्या, मीठ राहिलं म्हणून. मी मीठ आणलं. मग पाणी राहिलं म्हणून उठल्या. मग मांजर आलं म्हणून. शेवटी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आई, मधे उठलं की व्रत मोडते."

"असं हाय काय?" त्या घाबरून बसल्या आणि भाकरीचा पापुद्रा मोडला. आतून वाफ आली. त्यांनी घास तोंडात घातला.

"एवढी मऊ राहते काय वो ही?"

गल्लीत त्यांच्या भाकरीचं नाव होतं. लग्नकार्यात बायका त्यांना मुद्दाम बोलवायच्या. पण तव्यावरून उतरलेली भाकर त्यांनी स्वतः बहुतेक पहिल्यांदाच खाल्ली होती.

त्यानंतर बुधवार वाढत गेला. दुसऱ्या बुधवारी त्यांनी पेटीतून मोरपंखी रंगाचं पातळ काढलं. "व्रताच्या दिवशी धडाचं नेसाच लागते," म्हणाल्या. ते पातळ त्यांच्या भावाने दिलेलं होतं आणि नेसायला चांगलं निमित्त सापडत नाही म्हणून डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतं. तिसऱ्या बुधवारी नियम झाला की त्या दिवशी कोणाचं गाऱ्हाणं करायचं नाही. हा नियम दोघींनाही जड गेला. गाऱ्हाणं ओठांवर आलं की आम्ही "उद्या सांगतो" म्हणायचो, आणि गुरुवारी आठवून पाहिलं तर निम्मी गाऱ्हाणी विसरलेली असायची.

मग त्यांना नवीनच काळजी लागली. "कहाणी नाई आपल्यापाशी. कहाणीशिवाय व्रत पुरं होत नाई."

"तुम्हीच सांगा ना एखादी."

"मी काय सांगू?" म्हणाल्या. पण पुढच्या बुधवारी जेवणाआधी त्यांनी माझ्या मुठीत तांदळाचे दाणे दिले, स्वतः घेतले, पदर डोक्यावरून ओढला आणि कुठेही न अडखळता सुरुवात केली.

"आटपाट पांढुर्णं होतं. तिथं एक बाई राहे. ते सगळ्याइले वाढे अन् आपण मागून खाये. मागून काय राहे? करपलेली भाकर अन् भांड्याची खरवड. एक दिवस तिच्या दारी बुधवार आला. म्हणे, बाई, सोमवारले तू बेल देते, शुक्रवारले गूळ देते, शनिवारले तेल देते, मले काहून काहीच नाई देत? बाई म्हणे, तुह्यावाला देव कोणता ते मले माहीत नाई, तुले काय देऊ? बुधवार म्हणे, मले काही नको. तू जेवली काय, एवढं सांग. बाईले असं कोणी विचारलंच नव्हतं. तवा बुधवार आत आला, त्यानं पाट मांडला, पाणी ठेवलं, म्हणे, बस. बाई बसली. तिच्या पोटात गरम घास गेला, तसा सगळ्याइच्या पोटात जावो."

त्यांनी दाणे देवापुढे टाकले आणि म्हणाल्या, "वाढ आता." मी मुठीतले दाणे टाकायलाच विसरले होते.

आतापर्यंत हे सगळं दुपारचं, दोघींपुरतं होतं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, त्याचा पत्ता नव्हता, कारण ते उशिरा जेवायला येत. पण एका बुधवारी बाजारात कसलासा बंद झाला, दुकानं लवकर मिटली आणि बाबा अचानक घरी आले. पाहतात तर बायको मोरपंखी पातळ नेसून पाटावर बसलेली, पुढे भरलेलं ताट, आणि सून वारा घालते आहे.

"कोणाचं लग्न हाय?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बुधवार हाय," सासूबाई म्हणाल्या.

"ते मले माहीत हाय. माहं ताट कुठं हाय?"

"तुमचं मागून. व्रत हाय. रांधणाऱ्यानं पयले जेवाचं अन् बाकीच्याइनं वाढाचं. आले तसे हात धुवा अन् मले भाजी वाढा."

त्या घरात बाबांना असं कोणी कधी बोललं नसेल. पण 'व्रत' या शब्दापुढे ते नेहमीच हात टेकायचे. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, टोपी खुंटीला लावली आणि स्वयंपाकघरात शिरले. जन्मभर भांडी विकलेला तो माणूस आपल्याच घरच्या भांड्यांपुढे परका होऊन उभा राहिला. त्यांनी एक झाकण उघडलं, डाव भरून घेतला आणि सासूबाईंच्या ताटात मोठ्ठा गोळा घातला. तो लाल मिरचीचा ठेचा होता.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. गाऱ्हाणं करायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी तो ठेचा शांतपणे बाजूला सारला आणि म्हणाल्या, "भाजी लय छान वाढली. आता थोडी भाजी वाढा."

मी पदरात तोंड घातलं. बाबांना काय झालं ते कळलं तसे ते आधी ओशाळले आणि मग असे हसले की खांबाला धरून उभं राहावं लागलं. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबा बुधवारी मुद्दाम वेळेवर घरी येऊ लागले. व्रतात आपलाही काही वाटा असावा म्हणून एक पदार्थ आपण करणार, असं त्यांनी जाहीर केलं. दुकानातून नवी कढई आणली, तिला टिचकी मारून दाखवली, आणि पिठलं करायला घेतलं. त्यात एवढ्या गाठी झाल्या की सासूबाईंनी विचारलं, "हे पिठलं हाय का लाडू?" ते गाऱ्हाणं होतं की प्रश्न, यावर बराच वाद झाला. शेवटी प्रश्न ठरला. पिठलं आम्ही सगळ्यांनी प्रसाद म्हणून खाल्लं. आमच्या ह्यांनाही तिगावहून आल्यावर संध्याकाळचा चहा करण्याचं काम लागलं. ते चहा बरा करायचे, पण त्यासाठी घरातलं प्रत्येक भांडं खरकटं करायचे.

आणि अशाच एका बुधवारी भर दुपारी रामाकोन्याच्या आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण. रामाकोन्याहून अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीने सौंसरला आणि तिथून बसने पांढुर्ण्याला, असा प्रवास करून त्या वर्षातून एकदा यायच्या, न कळवता. आमच्या नात्यातल्या सगळ्या व्रतांचा निकाल त्यांच्याकडे लागायचा. कोणत्या चतुर्थीला कोणता नैवेद्य, कोणत्या उपासाला शेंगदाणा चालतो, कोणत्याला नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. सासूबाईही त्यांना वचकून असत. ऐन तरुणपणी त्यांचा नवरा गेला होता. त्यानंतर त्यांनी दुसऱ्यांच्या व्रतांची तयारी करून देण्यातच जन्म काढला होता. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आतल्या खोलीत बसून पानं लावायच्या, बाहेर यायच्या नाहीत.

दार उघडंच होतं. त्या आत आल्या तेव्हा बाबा कंबरेला पंचा गुंडाळून भजी तळत होते, मिशीला बेसन लागलेलं होतं. सासूबाई पातळ नेसून पाटावर बसल्या होत्या, मी पाणी वाढत होते.

"काय होऊन राहिलं हे?" आत्याबाई म्हणाल्या.

बाबांनी झारा पाठीमागे लपवला. त्यातून तेल ठिबकत राहिलं. सासूबाई उठायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"ताई, नमस्कार कराले उठता येत नाई. व्रतात हाय मी."

"कोणतं व्रत?"

"बुधवारचं."

"बुधवारचं?" आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली. "माह्या ऐकण्यात कधी आलं नाई. कहाणी हाय याले?"

"हाय."

"सांग मंग."

त्यांनी अंगणात जाऊन पाय धुतले, येऊन भिंतीशी बसल्या आणि हात पुढे केला. मी त्यांच्या मुठीत तांदूळ दिले. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. त्यांनी सगळी कहाणी सांगितली, करपलेल्या भाकरीपासून गरम घासापर्यंत. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. कहाणी संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. कढईतली भजी काळी होत चालली होती, पण बाबांची हिंमत होत नव्हती ती काढायची.

"कोणी सांगतली ही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अशीच आली, ताई."

आत्याबाईंनी मान हलवली, जणू कहाण्या तशाच येतात हे त्यांना ठाऊक होतं. मग मुठीतल्या दाण्यांकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "सवाष्णीचंच हाय काय हे?"

मला तो प्रश्न लगेच कळला नाही. सासूबाईंना कळला.

"नाई ताई," त्या म्हणाल्या. "जिच्या हातानं रांधलं तिचं हाय."

"मी आज कुठं रांधलं?"

"अन् आजवर रांधलं ते कुठं गेलं?"

बाबा झारा खाली ठेवून आतून दुसरा पाट घेऊन आले. सासूबाईंच्या शेजारी तो मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "बस, बाई." लहानपणापासून ते बहिणीला बाईच म्हणायचे.

आत्याबाई बसल्या. बाबांनी नव्या घाण्यातलं पहिलं भजं त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी ते मोडलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "कच्चं हाय."

"ताई," सासूबाई पुढे बघत म्हणाल्या, "व्रतात नाव ठेवाले चालत नाई."

आत्याबाई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई त्यांची पाठ चोळू लागल्या आणि त्यांनाही हसू आवरेना. दोघी पाटावर बसून एकमेकींना धरून हसत होत्या आणि बाबा मिशीला बेसन लावून, "आता चांगलं तळतो, आता चांगलं तळतो," म्हणत होते. मी तो दिवस आठवते तेव्हा मला त्या तेलाचा वाससुद्धा येतो.

आत्याबाई त्या वेळी पुढच्या बुधवारपर्यंत राहिल्या. "एक पुरता करूनच जातो," म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी व्रताची नीट तपासणी केली आणि एक नियम आपला घातला. बुधवारी काहीतरी आंबट खायचंच. "शुक्रवारी राहून जाते ते कुठं तरी भरून निघाले पाहिजे," असा त्यांचा हिशेब होता. मला तो नियम फार आवडला. माहेरची संत्री मी त्यानंतर बुधवारीच मागवू लागले.

पुढे दोनेक वर्षांनी माझ्या एका मावसबहिणीच्या बाळाचं बारसं रामाकोन्याला होतं. मी सौंसरला माहेरी आले आणि तिथून छोट्या गाडीने निघाले. गाडी नेहमीप्रमाणे निवांत चालली होती. लोक चढता-उतरताना गप्पा पुऱ्या करत होते. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर चिंचांची पिशवी.

"एवढी चिंच कायले नेऊन राहिल्या?" मी विचारलं.

"उद्या बुधवार ना वो," ती म्हणाली. "तुमच्या इकडं नाई करत काय बुधवार?"

मी सावरून बसले. "कसा असते?"

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. जिने रांधलं तिने आधी जेवायचं, आंबट खायचं, कोणाला नावं ठेवायची नाहीत. आणि दुपारी सगळ्या जणींनी नदीवर जायचं, जेवणाची भांडी घरच्या पुरुषांनी डोक्यावर घेऊन यायची. "माणसाइनं नाई नेली तर पावत नाई."

"नवीनच दिसते," मी म्हणाले.

"नवीन?" तिला रागच आला. "लय जुनं हाय बाई. आमच्या गावात एक आत्याबाई हाय, त्याइच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं."

मी खिडकीबाहेर पाहत हसू दाबत राहिले. कहाणीही तिने सांगितली. ती आता 'आटपाट रामाकोनं होतं' अशी सुरू होत होती, आणि बुधवार बैलगाडीतून यायचा.

परतल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

"नदीवर? नदीवर कोण म्हणलं? अन् बैलगाडी कुठून आणली? मी तर पायीच आणला होता त्याले."

दोन दिवस त्या घरात काही ना काही पुटपुटत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मले जाऊन सांगाच लागते. असे नियम बदलवले तर कसं होईन?" आणि त्या खरंच निघाल्या. एकट्या. देवदर्शन आणि लग्नं सोडली तर त्या कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या, आणि त्याही बाबांबरोबर. बाबा बस स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेले आणि बस सुटल्यावर बराच वेळ तिथेच उभे राहिले, असं नंतर पानवाल्याने सांगितलं. तो बुधवार आम्ही तिघांनी केला. बाबांचं पिठलं तोवर चांगलं व्हायला लागलं होतं, पण ते स्वतःच नीट जेवले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई परतल्या. लंगडत घरी आल्या, पिशवी टाकली आणि ओट्यावर बसल्या. केस विस्कटलेले, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"पडल्या काय आई?" मी घाबरून विचारलं.

"नाई वो. फुगडी खेळली."

"फुगडी?"

"ताईसंगं. नदीच्या रेतीत. त्याइचं वय पाहा अन् माहं पाहा! सोडूनच नाई राहिल्या मले." त्यांनी गुडघा चोळायला घेतला. मी तेल गरम करून आणलं.

"अन् नियमाचं काय झालं?" आमच्या ह्यांनी विचारलं. "सांगतलं ना त्याइले?"

"कोण ऐकते तिथं! मी म्हणलं, बायांहो, नदीवर जाचं असं काही नव्हतं यात. तं एक पोरगी मलेच म्हणते, आजी, तुम्हाले पुरं माहीत नाई, आधी आमच्या आत्याबाईले विचारा. माह्याच व्रताचे नियम मलेच सांगून राहिली!" असं म्हणून त्यांनी रागावल्यासारखा चेहरा केला, पण तो टिकला नाही. मग सांगतच सुटल्या. नदीचं पाणी किती थंड होतं, पुरुष डोक्यावर गंज, म्हणजे मोठाली पातेली, घेऊन कसे रांगेने आले, एकाचा वरणाचा गंज कसा कलंडला आणि त्याला कोणीही बोललं नाही, कारण बोलायला मनाई होती. चिंचेचं सार किती झकास झालं होतं. सगळ्या जणी पाण्यात पाय सोडून जेवल्या. आत्याबाई मधोमध बसल्या होत्या आणि त्यांना सगळ्यांत आधी वाढलं.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मी गुडघ्याला तेल लावत होते. बोलता बोलता सासूबाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "काय वो, आपल्या जाम नदीवर कुठं बसाले बरी जागा राहीन?"

पोळ्यानंतर पांढुर्णं आणि पलीकडच्या काठचं सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात तो गोटमारीचा दिवस सोडला तर त्या नदीकडे आमच्या घरातलं कोणी कधी फिरकत नव्हतं. मी काही सांगायच्या आत बाबा म्हणाले, "सावरगावच्या बाजूनं सावली चांगली हाय. पण गंज मी मोठा नाई उचलणार. दुकानात हलका अ‍ॅल्युमिनियमचा आला हाय, तो घेऊ."